कृषी पदवीचं पहिलं वर्ष: शेतात टेप धरण्यापासून ब्युरेट वाचण्यापर्यंत

कृषी महाविद्यालयात पाऊल ठेवल्यावर बहुतेकांना जीवशास्त्राची धास्ती असते. खरी दांडी उडते ती ग्रॅम, चौरस मीटर आणि हेक्टर यांची सांगड घालताना. वीस चौरस मीटरच्या वाफ्याला युरिया किती, दहा ग्रॅम आंब्याच्या गरात आम्लता किती, वाफ्यातलं २.७ किलो सोयाबीन म्हणजे हेक्टरी किती क्विंटल, या प्रश्नांची उत्तरं वहीत नीट उतरली की पदवीचा निम्मा अभ्यास झाला. म्हणून प्रवेशाचं थोडक्यात सांगून हा लेख थेट प्रॅक्टिकलकडे वळतो.

प्रवेश आणि कागदपत्रं

महाराष्ट्रात चार कृषी विद्यापीठं आहेत: राहुरीचं महात्मा फुले (१९६८), अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख (१९६९), परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा आणि दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण (दोन्ही १९७२). त्यांच्या शासकीय आणि संलग्न खासगी महाविद्यालयांत एमएचटी-सीईटीच्या आधारे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून प्रवेश होतो. सीईटीचे पीसीएम आणि पीसीबी असे दोन गट आहेत. कृषी, उद्यानविद्या, वनशास्त्र, अन्नतंत्रज्ञान, कृषी अभियांत्रिकी यांपैकी कशाला कोणता गट चालतो, हे सीईटीचा अर्ज भरण्याआधीच माहितीपुस्तिकेत बघा. निकालानंतर गट बदलता येत नाही. राज्याबाहेर शिकायचं असेल तर भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या कोट्यातल्या जागा सीयूईटीतून भरल्या जातात. ती परीक्षा वेगळी, अर्ज वेगळा.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त घोळ सातबाऱ्याचा. शेतकरी कुटुंबातल्या उमेदवाराला सातबाऱ्यावर अधिभार (जादा गुण) मिळतो, पण कोणाच्या नावावरचा उतारा धरायचा हे माहितीपुस्तिका ठरवते. जमीन अजून आजोबांच्या नावावर असेल तर वारसनोंदीचा फेरफार मंजूर व्हायला वेळ लागतो, तेव्हा बारावीच्या परीक्षेआधीच तलाठ्याकडे जा. दहावीची गुणपत्रिका, आधार आणि जातीचा दाखला यांवरचं नाव अक्षरशः सारखं आहे ना, तेही तेव्हाच तपासा. जात वैधता आणि नॉन-क्रीमी लेयर ऐन फेरीत मागायला गेलात तर हातात पावतीच येते.

खासगी महाविद्यालय निवडताना इमारत बघू नका, प्रक्षेत्र (महाविद्यालयाचं शेत) बघा. विद्यार्थ्यांच्या वाफ्यांना स्वतंत्र जमीन आहे का, पाण्याची सोय काय, माती प्रयोगशाळेतला पीएच मीटर चालू आहे का, हे तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची अधिस्वीकृती आहे का, हेही पाहा. पुढे एम.एस्सी.ला राष्ट्रीय पातळीवर जायचं झालं तर तो प्रश्न येतोच.

कृषी की अन्नतंत्रज्ञान, यावर घरोघरी वाद होतात. बी.टेक. अन्नतंत्रज्ञानात पीक कमी आणि अभियांत्रिकी जास्त: उष्णतावहन, द्रवांचा प्रवाह, यंत्रांची रचना. गणिताशी वैर असलेल्याने केवळ ‘फूड’ शब्दावर भाळून तिकडे जाऊ नये. उलट ज्याला एका कच्च्या मालाचा कारखान्यातला सगळा प्रवास समजून घ्यायचा आहे, त्याला कृषी पदवीतली दोन-चार प्रक्रिया प्रात्यक्षिकं पुरणार नाहीत.

क्रेडिट वाचायला शिका

वेळापत्रकात विषयापुढे ३ (२+१) असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ आठवड्याला दोन तास थिअरी आणि दोन तासांचं एक प्रॅक्टिकल. म्हणजे प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट वेळ मात्र दुप्पट खातं. सरासरी काढताना प्रत्येक विषयाचा ग्रेड पॉइंट क्रेडिटने गुणला जातो: तीन क्रेडिटच्या विषयात ८ आणि दोन क्रेडिटच्या विषयात ६ मिळाले तर (२४ + १२) ÷ ५ = ७.२. तीन क्रेडिटच्या मृदाशास्त्राला एक क्रेडिटच्या विषयाइतकाच वेळ देणारे इथेच मागे पडतात.

२०२४-२५ पासून याच परिषदेच्या सहाव्या अधिष्ठाता समितीच्या शिफारशींनुसार नवा अभ्यासक्रम आला आहे. एक वर्ष पूर्ण करून बाहेर पडणाऱ्याला प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका अशी सोय त्यात आहे. सीनिअरची जुनी जर्नल घेताना हे ध्यानात ठेवा. विषयांची नावं, क्रमांक आणि सत्रं बदलली आहेत. जुनी नोट्स चालतात, जुनं जर्नल जसंच्या तसं उतरवलं तर फसतं.

सामान फार लागत नाही: ३० मीटरचा टेप, दहापट भिंग, खुरपं, सुतळी, टोपी आणि खिशात मावणारी पुठ्ठ्याची वही. शेतात पेन नको, पेन्सिलच. दव किंवा पावसाचा थेंब पडला की शाई पसरते, शिसं टिकतं. आकडा तिथल्या तिथे लिहा. खोलीवर जाऊन आठवून लिहिलेली झाडांची उंची सगळ्यांची सारखीच येते आणि तपासणाऱ्या सरांना ती पहिल्या नजरेत ओळखू येते.

वाफा आखणं आणि खताचा हिशोब

पीक उत्पादनाच्या प्रॅक्टिकलला वाफा मिळतो. पहिलं काम काटकोन साधणं. बांधाला समांतर एक सुतळी ताणा, तिच्यावर कोपऱ्यापासून ३ मीटरवर खूण करा, दुसऱ्या सुतळीवर ४ मीटरवर. दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ मीटर आलं की कोपरा काटकोनात. शेवटी वाफ्याचे दोन्ही कर्ण मोजा. सारखे नसतील तर वाफा तिरका आहे, क्षेत्रफळ चुकलं आणि पुढचा सगळा हिशोबही चुकला.

आता ५ × ४ मीटरच्या वाफ्यात बागायती, वेळेवर पेरलेला गहू घ्या. शिफारस हेक्टरी १२० किलो नत्र (नायट्रोजन), ६० स्फुरद (फॉस्फेट), ४० पालाश (पोटॅश). हेक्टरी किलोला दहाने भागलं की चौरस मीटरला ग्रॅम मिळतात: १२, ६ आणि ४. गुणिले २०, म्हणजे वाफ्याला २४० ग्रॅम नत्र, १२० ग्रॅम स्फुरद, ८० ग्रॅम पालाश. हे झालं अन्नद्रव्य. खत नव्हे.

खत काढताना सुरुवात डीएपीपासून (डायअमोनियम फॉस्फेट), कारण त्यात दोन अन्नद्रव्यं आहेत: १८ टक्के नत्र, ४६ टक्के स्फुरद. १२० ग्रॅम स्फुरदासाठी १२० ÷ ०.४६ = २६१ ग्रॅम डीएपी. त्यातून ४७ ग्रॅम नत्र आपोआप येतं. उरलं १९३ ग्रॅम. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणून युरिया ४२० ग्रॅम. म्युरेट ऑफ पोटॅश ६० टक्क्यांचं, म्हणून १३३ ग्रॅम.

नत्र निम्मं पेरणीला आणि निम्मं २१ दिवसांनी, मुकुटमुळं फुटताना द्यायचं. पेरणीच्या १२० ग्रॅममधून डीएपीचे ४७ वजा केले की ७३ उरतात, म्हणजे युरिया १५९ ग्रॅम. वरखताच्या हप्त्याला १२० ÷ ०.४६ = २६१ ग्रॅम. दोन्हींची बेरीज ४२०, हिशोब जुळला.

बहुतेकांची चूक एकच: डीएपीतलं नत्र वजा करायचं राहतं. मग युरिया ५२२ ग्रॅम निघतो, १०२ ग्रॅम जास्त. वाफ्यात मूठभर वाटतो, पण हेक्टरी तो ५१ किलो, ४५ किलोच्या एका बॅगेहून अधिक. असा वाफा आधी गर्द हिरवा दिसतो, शेजारची मुलं कौतुक करतात आणि ओंबी भरताना वारा आला की गहू लोळतो.

खत विस्कटू नका. तासातासाला, म्हणजे पेरणीच्या ओळी-ओळीला, वाटून घ्या: २२.५ सेंटिमीटरवर पेरलेल्या चार मीटर रुंदीत साधारण १८ तास बसतात, प्रत्येकाला मोजून तेवढाच भाग. बियाण्याला खत थेट चिकटू देऊ नका, कोवळं मूळ करपतं.

काढणीच्या वेळी कडेच्या ओळी मोजायच्या नसतात, कारण त्यांना बाजूने जास्त ऊन आणि जागा मिळते. सोयाबीनचा ४५ सेंटिमीटर अंतराच्या आठ ओळींचा, पाच मीटर लांबीचा वाफा धरा: एकूण ३.६ × ५ = १८ चौरस मीटर. दोन्ही कडेची एकेक ओळ आणि टोकांचा अर्धा-अर्धा मीटर सोडला की निव्वळ वाफा २.७ × ४ = १०.८ चौरस मीटर. त्यातून २.७ किलो दाणे मिळाले तर हेक्टरी २५ क्विंटल. हेच वजन चुकून १८ ने भागलं तर १५ क्विंटल येतात. जर्नलमध्ये उत्पादन लिहिताना कोणत्या वाफ्याने भागलं, ते शेजारी लिहाच.

मातीचा नमुना

इथे घाई केली की पुढची सगळी रसायनं वाया. शेताचा रंग, उतार, खोली वेगळी दिसेल तिथे नमुनाही वेगळा. नागमोडी चालत दहा-पंधरा जागा निवडा. बांध, झाडाची सावली, शेणखताचा ढीग, विहिरीचा काठ आणि गुरं बसण्याची जागा सोडा. वरचा पालापाचोळा बाजूला करा, माती खरवडू नका. इंग्रजी व्ही अक्षरासारखा साधारण वीस सेंटिमीटरचा खड्डा घ्या, आतली माती फेकून द्या आणि मग खड्ड्याच्या भिंतीवरून वरपासून तळापर्यंत बोटभर जाडीची एकसारखी चकती कापा. नवखा विद्यार्थी खड्ड्यातली सुटी मातीच घमेल्यात भरतो. त्यात वरच्या थराची माती जास्त येते आणि सेंद्रिय कर्ब (सेंद्रिय पदार्थांतला कार्बन) उगाच वाढलेला दिसतो.

सगळ्या जागांची माती स्वच्छ कापडावर मिसळा, गोल पसरा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, उरलेले पुन्हा मिसळा. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. सावलीत वाळवा, लाकडी मुसळीने ढेकळं फोडा, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून गाळा. सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील तर गंजलेलं खोरं किंवा जस्ताचं घमेलं वापरू नका. लोह आणि जस्ताचा आकडा अवजाराचाच येतो. खताच्या रिकाम्या पिशवीत नमुना भरणं तर सरळ आत्मघात. चिठ्ठी दोन ठिकाणी: एक पिशवीत, एक बाहेर बांधून. तिच्यावर गट क्रमांक, खोली, तारीख, आधीचं पीक.

सेंद्रिय कर्बाच्या वॉकली-ब्लॅक पद्धतीत एक ग्रॅम बारीक चाळलेल्या मातीत १० मिलि एक नॉर्मल (नॉर्मल हे द्रावणाच्या तीव्रतेचं माप) पोटॅशियम डायक्रोमेट आणि २० मिलि संहत सल्फ्युरिक आम्ल घालून अर्धा तास ठेवायचं. नंतर २०० मिलि पाणी, १० मिलि फॉस्फोरिक आम्ल, डायफिनाइल अमाइनचे थेंब, आणि अर्धा नॉर्मल फेरस अमोनियम सल्फेटने टायट्रेशन, म्हणजे रंग बदलेपर्यंत थेंबाथेंबाने घालून मोजणं. रंग जांभळट-निळ्यावरून एका थेंबात हिरवा होतो. तो एक थेंब पकडण्यासाठी शेवटी ब्युरेट, म्हणजे थेंब सोडणारी मोजनळी, जवळजवळ बंद ठेवा. बिनमातीच्या ब्लँकला २० मिलि आणि नमुन्याला १६ लागले तर ४ × ०.५ × ०.००३ × १०० = ०.६० टक्के. या पद्धतीत सरासरी ७७ टक्केच कर्ब मोजला जातो, म्हणून १.३ ने गुणून ०.७८. गुणक लावला की नाही, ते लिहा. आम्ल ओतल्या ओतल्या द्रावण पूर्ण हिरवं झालं तर डायक्रोमेट संपलं. अर्धा ग्रॅम मातीवर पुन्हा करा. फ्लास्क पकडताना हातमोजे आणि चष्मा घाला, ते फार तापतं.

किडी आणि तणं

कीटकपेटी शेवटच्या आठवड्यात भरणारे एकमेकांची फुलपाखरं मागत फिरतात. जुलैपासून आठवड्याला दोन-तीन किडी जमवल्या तर ताण येत नाही. मारण्याच्या बाटलीत कापसावर इथिल ॲसिटेटचे थेंब पुरतात. टाचणीची जागा ठरलेली आहे: भुंगेऱ्याच्या उजव्या कठीण पंखातून, ढेकणाच्या पाठीवरच्या त्रिकोणातून, नाकतोड्याच्या मानेमागच्या ढालीतून मध्यरेषेच्या जरा उजवीकडे, फुलपाखराच्या छातीच्या मधोमध. बाजूला टोचण्याचं कारण असं की मधली ओळखीची खूण शाबूत राहावी. किडा वाळून कडक झाला असेल तर पंख मोडून बसवू नका. ओल्या वाळूच्या बंद डब्यात रात्रभर ठेवा, बुरशी येऊ नये म्हणून फिनॉलचे थेंब टाका, सकाळी सांधे सैल होतात. ठिकाण, तारीख आणि कोणत्या पिकावर सापडला, ही चिठ्ठी नसलेला किडा म्हणजे नुसती शोभा.

तणांचं हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) करताना मुळं आणि फुलं दोन्ही हवीत. वर्तमानपत्राचा कागद पहिले चार-पाच दिवस रोज बदला, नाहीतर पानं काळी पडतात. हराळी, केना, घोळ, एकदांडी, गाजर गवत ही नावं तुम्हाला घरूनच येतात. शास्त्रीय नाव त्यांच्या शेजारी बसवा, मग पाठ करावं लागत नाही. लव्हाळ्याची दांडी चिमटीत धरून फिरवा: तीन कडा बोटाला लागतात. गवताची दांडी गोल आणि पेरांची असते. लव्हाळा गवत नाही, म्हणून फक्त गवतवर्गीय तणांवर चालणारं तणनाशक त्याला दाद देत नाही. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो.

अन्नप्रयोगशाळेत

रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्स (विरघळलेल्या साखरेचं प्रमाण) वाचण्याआधी ऊर्ध्वपातित पाण्याने शून्य लावा. गर कपड्यातून गाळा, थेंब प्रिझमवर पूर्ण पसरवा. नुकताच उकळलेला जॅम थेट टाकलात तर आकडा कमी दिसतो, कारण गरम द्रवाचा अपवर्तनांक घटतो. उपकरणात तापमानाची दुरुस्ती आपोआप होत असली तरी तिलाही मर्यादा आहे. थेंब निवू द्या.

आम्लतेत विरलीकरणाचा हिशोब चुकतो. १० ग्रॅम आंब्याचा गर पाण्याने १०० मिलि केला आणि त्यातले २० मिलि टायट्रेशनला घेतले, तर फ्लास्कमध्ये प्रत्यक्षात २ ग्रॅमच गर आहे. ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड १ मिलि लागलं तर सायट्रिक आम्लाच्या हिशोबाने १ × ०.१ × ६४ × १०० ÷ (२ × १०००) = ०.३२ टक्के. दोनऐवजी दहा धरलं की उत्तर पाचपट कमी. दुसरी गोष्ट: १ मिलि वाचनात ब्युरेटची ०.१ मिलिची चूक म्हणजे थेट दहा टक्के. ५० मिलि घ्या, वाचन २.५ मिलि येईल आणि तीच चूक चार टक्क्यांवर उतरेल. गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली की थांबा. पिवळ्याधमक गरात ती दिसत नाही, म्हणून पाणी घालून फिकं करा आणि खाली पांढरा कागद ठेवा. हायड्रॉक्साइडचं द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढतं. मागच्या महिन्यातल्या बाटलीवर ०.१ लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका, ऑक्झॅलिक आम्लाने पुन्हा प्रमाणित करा.

ओलावा काढताना रिकामी डबी आधी १०५ अंशांवर तापवून, डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) निववून मग तोला. वाळवलेल्या नमुन्याची डबी गरमच तराजूवर ठेवली की तिच्याभोवतीची हवा वर उठते, वजन कमी दिसतं आणि ओलावा जास्त निघतो. दोन सलग वजनं जुळेपर्यंत पुन्हा भट्टीत घाला. गूळ, मनुका यांसारख्या साखरेच्या पदार्थांना १०५ अंश चालत नाहीत, साखरच मोडते. त्यांच्यासाठी ७० अंशांची निर्वात भट्टी.

आणि एक आकडा भिंतीवर लिहून ठेवावा असा: सामू (पीएच) ४.६. त्याच्याखालचे आंबट पदार्थ, जसं लोणचं किंवा लिंबाचा रस, उकळत्या पाण्याच्या प्रक्रियेत सुरक्षित होतात. त्याच्यावर असलेली मटार, भेंडी, मशरूम डबाबंद करायची तर दाबाखाली १२१ अंशच लागतात, कारण क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत आणि हवाबंद डब्यात ते विष तयार करतात. अन्नतंत्रज्ञानातला हा नियम जिवाशी निगडित आहे. अंदाजाने कधीही करू नका.

रावेला जाताना

शेवटच्या वर्षात ग्रामीण कृषी कार्यानुभव, म्हणजे सगळे म्हणतात तो ‘रावे’, गावात राहून करायचा असतो. माती परीक्षण, बीजप्रक्रिया, बियाणं उगवणीची चाचणी अशी प्रात्यक्षिकं तुम्हीच दाखवायची. उगवण दाखवायला गोणपाट पुरतो: ओल्या गोणपाटावर सोयाबीनचे शंभर दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडा, दुसऱ्या ओल्या गोणपाटाने झाकून गुंडाळा, सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडा आणि आठवड्याने चांगले कोंब मोजा. सत्तरच्या खाली आले तर बियाणं वाढवावं लागेल किंवा बदलावं लागेल. दाणे निवडून मांडू नका, मूठ भरून येतील तेच घ्या.

गावात बोलताना हेक्टर विसरा. गव्हाची तीच शिफारस अडीचने भागा: एकरी ४८ नत्र, २४ स्फुरद, १६ पालाश. मग काका विचारतील, “बॅगा किती?” तेव्हा उत्तर तयार हवं. पेरताना डीएपीची ५० किलोची एक बॅग, पोटॅश २७ किलो, युरिया ३३ किलो. एकविसाव्या दिवसाच्या पाण्याबरोबर युरिया ५२ किलो. दोन्ही वेळचा मिळून युरिया दोन बॅगांना पाच किलो कमी.